दहा दिवसांचा खार

फ्रीजचा सगळ्यात खालचा कप्पा मी आदल्या रात्रीच रिकामा करून ठेवला होता. ७ मार्च २०२०, शनिवारची सकाळ. ओट्यावर सव्वादोन किलोचा ब्रिस्केटचा, म्हणजे गोमांसातल्या छातीच्या भागाचा, तुकडा, शेजारी वजनकाटा, मिठाचा खोका आणि मोठं पातेलं. या वेळी कपाला हात लावायचाच नाही हे ठरलेलं होतं. मीठ वजनावर घ्यायचं, चार लिटर पाण्याला ३५० ग्रॅम. मागच्या वर्षी याच मिठाच्या मापात चूक झाली आणि घरातल्या सगळ्यांच्या सणाच्या जेवणाचा विचका झाला. ते वर्षभर मनात सलत होतं.

आधी थोडं घरचं सांगते. माझं माहेर वसईचं, आजोळ मुंबईत खार उपनगराजवळच्या चुईम गावठाणातलं, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळ ख्रिस्ती समाजातलं. सासर अमेरिकेत, बॉस्टनच्या दक्षिणेला लागून असलेल्या क्विन्सी शहरात. सासरची माणसं आयरिश वंशाची, सासऱ्यांची आजी गॉलवेहून बोटीने आलेली. त्या घरात एक जेवण आहे, कॉर्न्ड बीफ आणि कोबी. खारवलेलं गोमांस तीन-साडेतीन तास मंद शिजवायचं आणि त्याच पाण्यात बटाटे, गाजर, कोबी उकडायचे. १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला, ते होतंच. पण कुणी इस्पितळातून घरी आलं, कुणाची नोकरी गेली, मयतीवरून मंडळी थकून परतली, तरी सासूबाई हेच करायच्या. आपल्याकडे अशा दिवशी मऊ खिचडी टाकतात, तसं. वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात हे मांस वर्ज्य असेल, याची मला जाणीव आहे. मी ज्या घरात राहते तिथलं हे अन्न आहे आणि ते शिकायला मला तीन वर्षं लागली, म्हणून लिहितेय.

पहिल्यांदा मी ते खाल्लं २०१७ मध्ये. त्या वर्षी १७ मार्चला शुक्रवार होता, तोही ईस्टरआधीच्या उपवासकाळातला. वसईत आमच्या घरी उपवासकाळातल्या शुक्रवारी मांसाचं नावही निघत नसे. आणि इथे सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मांसाचं पातेलं थरथरत होतं. मी नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं. तो म्हणाला, सण शुक्रवारी आला की बिशप त्या एका दिवसापुरती सूट देतात. त्या वर्षी अमेरिकेतल्या अनेक बिशपांनी तशी सूट दिलेली होती. बॉस्टनमध्ये हा दिवस दुहेरी असतो. १७७६ साली याच तारखेला ब्रिटिश फौज बॉस्टन सोडून गेली, त्यामुळे शहराला त्या नावानेही सुट्टी असते.

टेबलावर मोठी पांढरी परात आली. मांसाचे काप एकावर एक रचलेले, भोवती बटाटे, गाजरं, पिवळ्या सलगमच्या फोडी आणि कोबीच्या पाकळ्या. रंग करडा, शिजलेल्या मटणासारखा. मी फोटोंत पाहिलेलं कॉर्न्ड बीफ गुलाबी होतं, त्यामुळे मला वाटलं काहीतरी वेगळंच आहे. पहिला घास घेतला आणि मी थेट चुईमला जाऊन पोचले.

आजी नाताळाच्या आधी जीभ खारवायची. त्या वेळी खाटकाकडून ती आख्खी यायची. आजी ती धुऊन, पुसून, काट्याने सगळीकडून टोचायची. टोचताना ती मोजायची नाही, पण एक बोटभर जागाही सोडायची नाही. मग मीठ, लिंबाचा रस आणि चिमूटभर सोरा चोळायचा. सोरा काष्ठौषधींच्या दुकानातून पुडीत बांधून यायचा. जीभ चिनी मातीच्या बरणीत, वर ताटली, ताटलीवर वरवंटा. रोज सकाळी मिस्साहून आली की आजी हात धुऊन ती उलटी करायची आणि वरवंटा परत ठेवायची. आम्हा मुलांना त्या बरणीला हात लावायची परवानगी नव्हती. नाताळच्या सकाळी उकडून, पातळ काप करून पावात. त्या कापांची खारट, खोल, नुसत्या मटणाला कधी न येणारी चव मला क्विन्सीत, बर्फ पडत असताना, करड्या मांसाच्या तुकड्यात सापडली. डोळे भरून आले. सासूबाईंना वाटलं हॉर्सरॅडिशचा सॉस झोंबला. मुळ्यासारख्या त्या मुळाचा झणका नाकात जातोच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

करड्या रंगाचं कारण सासऱ्यांनी सांगितलं. ते क्विन्सीच्या फोर रिव्हर गोदीत वीजतंत्री होते, १९८६ साली गोदी बंद होईपर्यंत. बोलतात कमी, पण या विषयावर बोलतात. देशभर मिळणारं कॉर्न्ड बीफ गुलाबी असतं, कारण खारात नायट्राइट घालतात. त्यासाठीचं मीठ वेगळं मिळतं, साध्या मिठात सव्वासहा टक्के सोडियम नायट्राइट मिसळलेलं, आणि चुकून रोजच्या स्वयंपाकात पडू नये म्हणून मुद्दाम गुलाबी रंगवलेलं. मांस गुलाबी राहतं ते त्या रंगाने नव्हे, नायट्राइटची मांसातल्या लाल द्रव्याशी जी क्रिया होते तिच्यामुळे. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, विशेषतः बॉस्टनच्या आसपास, नुसत्या मिठात खारवायची जुनी पद्धत टिकली. ते करडं. सासऱ्यांच्या लेखी तेच खरं.

फोनवर आईला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "अगं, एका वर्षी आजीला सोरा मिळाला नव्हता. जीभ अशीच मातकट झाली. पोरांनी नाकं मुरडली, पण खाल्ली सगळी." म्हणजे सोरा आणि हे नायट्राइट एकाच घराण्यातले. जे काम आजीची पुडी करायची तेच इथे गुलाबी मीठ करतं.

नाव मात्र मला बरेच दिवस छळत होतं. कॉर्न म्हणजे मका, आणि मका तर कुठेच नाही. मग कळलं की जुन्या इंग्रजीत 'कॉर्न' म्हणजे कुठलाही दाणा. मांस खारवायला जे जाडं, धान्याच्या दाण्याएवढं मीठ वापरत, त्यावरून हे नाव पडलं. आपल्या खडेमिठासारखंच.

त्याच उन्हाळ्यात गॉलवेहून नवऱ्याची चुलत बहीण आली होती. तिला कौतुकाने विचारलं, तुमच्याकडे कसं करतात? ती म्हणाली, "आमच्याकडे करतच नाहीत. आमच्याकडे डुकराचं, बेकन आणि कोबी. हे तुम्ही अमेरिकेतल्यांनी काढलंय." सासरे गप्प झाले. मला ती गोष्ट सोडवेना, म्हणून मी वाचत गेले.

आयर्लंडमधलं कॉर्क हे बंदर खारवलेल्या गोमांसासाठी एके काळी नावाजलेलं होतं. १६६३ आणि १६६७ च्या कायद्यांनी इंग्लंडने आयर्लंडमधून जिवंत गुरं आणायला आडकाठी केली. मग गुरं तिथेच कापून, मांस पिंपांत खारवून बाहेर पाठवायला लागले. ते आरमाराच्या जहाजांवर गेलं, वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर गेलं. ज्यांनी ते खारवलं त्या गरीब आयरिश माणसाच्या ताटात ते क्वचितच पडलं. त्याच्या घरची गाय दुधालोण्यासाठी होती, पोट भरत होतं बटाट्यावर. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. अमेरिकेत आल्यावर त्यांना घरच्यासारखं बेकन महाग पडत होतं. न्यूयॉर्कमध्ये ज्यू खाटकांच्या दुकानांत खारवलेलं ब्रिस्केट मिळायचं आणि ते परवडायचं. ज्यू धर्मनियमांत जनावराचा मागचा भाग सहसा वर्ज्य, पुढचा चालतो, म्हणून छातीकडचा हा तुकडा त्यांच्या दुकानात हमखास असे. कोबी तर सगळ्यांत स्वस्त. असं हे जेवण जमलं. जे आपल्याच बंदरातून जाताना नुसतं बघितलं होतं ते नातवंडांना पोटभर वाढता आलं. हे मी सासऱ्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "माझी आजी परात समोर आली की आधी गप्प बसायची. आम्हाला वाटायचं प्रार्थना करतेय." त्या काय करत असतील हे आता कोण सांगणार. पण तेव्हापासून चुलत बहिणीच्या बोलण्याचं मला वाईट वाटेनासं झालं. परदेशात जाऊन केलेला पदार्थ आहे म्हणून तो उसना ठरत नाही.

२०१८ मध्ये सासऱ्यांचा नेहमीचा खाटीक म्हातारपणामुळे दुकान बंद करून गेला. त्या मार्चला सासूबाईंनी सुपरमार्केटमधून पिशवीबंद गुलाबी तुकडा आणला. सासरे ताटाकडे बघून एवढंच म्हणाले, "गुलाबी आहे." आणि जेवले. त्यांची काही तक्रार नव्हती. पण परातीत निम्मं मांस उरलं, जे त्या घरात कधी होत नाही. सासूबाई पूर्वी घरी खारवायच्या, आता संधिवाताने त्यांची बोटं वाकलीत, पाण्याने भरलेलं पातेलं त्यांना उचलवत नाही. मी म्हटलं, "मॉम, पुढच्या वर्षी मी करते." त्यांनी तोंडीच सांगितलं: गॅलनभर पाणी, अडीच कप मीठ, दहा दिवस. मी वहीत लिहून घेतलं.

त्या 'अडीच कप'नेच घात केला. मी घरात होतं ते बारीक मीठ घेतलं. मीठ ते मीठ. २०१९ च्या १७ मार्चला रविवार होता, घर भरलेलं. मांस दिसायला अगदी हवं तसं करडं, सुरी लागताच सुटणारं. सासऱ्यांनी पहिला घास खाल्ला, पाणी प्यायले, दुसरा घास छोटा घेतला, परत पाणी प्यायले. लहान पुतण्याने तोंडातला घास हातावर काढला. बटाटे, गाजर त्याच पाण्यात उकडलेले, त्यामुळे तेही जिभेला बोचत होते. सासऱ्यांनी ताट संपवलं. त्यांनी संपवलं, याचंच मला जास्त लागलं. रात्री मी घरी येऊन खूप रडले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः माझ्याकडे आल्या. येताना त्यांनी त्यांचा मिठाचा खोका आणला होता, कोशर मीठ, जाड, पोकळ पापुद्र्यांचं. त्यांनी माझा काटा मागितला. आधी त्यांच्या मिठाचा एक कप भरून ठेवला, १४० ग्रॅम. मग माझ्या बारीक मिठाचा तोच कप, २९० ग्रॅम. आम्ही दोघी काट्याच्या आकड्याकडे बघत राहिलो. पापुद्र्यांमध्ये हवा असते, बारीक मीठ दाबून बसतं. अडीच कप म्हणताना त्यांच्या मनात ३५० ग्रॅम होते, मी सव्वासातशे घातले होते. त्यांना वाईट वाटलं की आपण सांगताना मीठ कुठलं ते बोललो नाही. चाळीस वर्षं घरात एकच खोका असेल तर कोण कशाला सांगेल? त्यांनी माझी वही घेतली, 'अडीच कप' खोडलं आणि वाकड्या बोटांनी '३५०' लिहिलं. कोण कुठलंही मीठ वापरो, वजन खोटं बोलत नाही. खारवायचं काही करणार असाल तर एवढं एकच लक्षात ठेवा, बाकी सगळं सांभाळून घेता येतं.

तर २०२० ची ती सकाळ. पाणी गरम करून त्यात मीठ विरघळवलं. मूठभर साखर, काळी मिरी, मोहरी, चार तमालपत्रं. सासूबाई मसाला घालत नाहीत. तमालपत्र आणि मिरी हा माझा हट्ट, सासऱ्यांची परवानगी घेऊन. मग ते पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं, फ्रीजमध्ये ठेवून थंड करायचं. कोमट खारात मांस टाकलं तर बाहेरून शिजल्यासारखं होतं आणि आत जंतूंना फावतं. नायट्राइट हे नुसत्या रंगासाठी नसतं, ते बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूंनाही रोखतं. आपण ते वगळतो तेव्हा सगळी भिस्त मीठ आणि थंडी या दोघांवर. फ्रीज चार अंश सेल्सियसच्या वर जाता कामा नये. मी कप्प्यात तापमापी ठेवली होती आणि रोज सकाळी बघत होते.

ब्रिस्केटमध्ये दोन भाग असतात. एक चपटा, कमी चरबीचा, नीट काप पडणारा. दुसरा जाड, चरबीने भरलेला, जास्त चवदार, पण कापताना विस्कटणारा. दुकानात बहुधा चपटा मिळतो. मी मुद्दाम दोन्ही जोडलेला मागून घेतला होता. सासऱ्यांना चपटा आवडतो, नवऱ्याला जाड.

मांस पाण्यावर तरंगतं. लोणच्याच्या फोडी खाराखाली बुडाल्या नाहीत तर बुरशी धरते, तोच न्याय. वर ताटली आणि ताटलीवर वजन हवं. वरवंटा मी इथे आणलेला नाही. सासऱ्यांनी मागच्या अंगणातून एक दगड आणून दिला, दोन मुठींएवढा, एक बाजू सपाट. क्विन्सीचा ग्रॅनाइट. या शहराची ओळखच ती आहे. बॉस्टनच्या बंकर हिलवरचा स्मारकस्तंभ याच खाणींतल्या दगडाचा, आणि तो दगड न्यायला १८२६ मध्ये खास रूळही टाकले होते. मी तो दगड घासून, अर्धा तास उकळून घेतला. ताटलीवर ठेवला आणि मांस हळूच खाली गेलं, वर दोन बुडबुडे आले. मला आजीच्या वरवंट्याचा चिनी मातीवर होणारा खडखड आवाज आठवला. झाकण लावून पातेलं कप्प्यात ठेवलं.

आता दहा दिवस. दर दिवसाआड मांस उलटं करायचं, दगड परत ठेवायचा. एरवी या दिवसांत सांगण्यासारखं काही नसतं. त्या वर्षी होतं. सोमवारी, ९ तारखेला, बॉस्टनची सेंट पॅट्रिकची मिरवणूक कोरोनामुळे रद्द झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी राज्यात आणीबाणी. मी त्या रात्री मांस उलटं केलं तेव्हा आठ जण येणार होते. गुरुवारी उलटं केलं तेव्हा दोघांनी येत नाही म्हणून कळवलं होतं. शनिवारी दुकानांत कागदी रुमाल आणि पीठ संपलेलं. रविवारी संध्याकाळी राज्यपालांनी जाहीर केलं की मंगळवारपासून शाळा बंद, हॉटेलांत बसून खाणं बंद. मंगळवार म्हणजेच १७. सासऱ्यांचं वय ७८, फुप्फुसं गोदीतल्या धुळीने आधीच अशक्त. नवऱ्याने फोन केला आणि सांगितलं, "आम्ही येत नाही. तुम्हीही बाहेर पडू नका." फोनवर दोन्हीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

मी फ्रीज उघडून त्या पातेल्याकडे बघत उभी राहिले. मांसाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याचे दहा दिवस भरत आले होते. टाकून देता येत नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं. नवरा म्हणाला, "शिजव. मी नेऊन देतो."

सोमवारी सकाळी मांस बाहेर काढलं. हाताला घट्ट लागलं, ताज्या मांसाचा लिबलिबीतपणा गेलेला, कडा करड्या. धुऊन स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवलं, दिवसभरात पाणी दोनदा बदललं. संध्याकाळी कडेचा बोटभर तुकडा कापून वाटीभर पाण्यात शिजवून खाल्ला. ही युक्ती मला आदल्या वर्षी सुचायला हवी होती. तुकडा सांगतो की खारटपणा किती आहे. अजून जास्त वाटला तर रात्रभर आणखी भिजवायचं. मी एक शेवटचं पाणी बदललं आणि झोपले.

१७ तारखेला मांस थंड पाण्यात ठेवून गॅस लावला. पाणी मांसाच्या वर दोन बोटं. तापायला लागलं की राखाडी फेस येतो, ती मळी पळीने काढत राहायची. एकदा उकळी दिसली की लगेच आच कमी. इथे घाई करायची नाही. पाणी खदखदलं की मांसाचे धागे आवळतात आणि ते दोरीसारखं होतं. पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, मधूनच एखादा बुडबुडा. छातीचा भाग जनावर आयुष्यभर वापरतं, त्यात चिवट पडदे असतात. त्या पडद्यांचं जिलेटिन व्हायला वेळच लागतो, आच वाढवून तो वाचत नाही. माझ्या तुकड्याला सव्वातीन तास लागले. काटा खुपसला आणि तो ओढताना मांसाने धरून ठेवला नाही, तेव्हा काढलं. सव्वादोन किलोचं साधारण दीड किलो उरतं, हे आधी धरून चालायचं.

मांस फॉइलमध्ये गुंडाळून, त्यावर पळीभर रस घालून बाजूला ठेवलं. मग त्याच पाण्यात बटाटे, गाजर, सलगम. शेवटच्या पंधरा मिनिटांत कोबी. गड्ड्याचे आठ भाग करायचे, पण मधला दांडा ठेवायचा, नाहीतर पानं सुटून पातेलंभर पसरतात. आणि कोबी जास्त शिजवू नका. जास्त शिजला की त्यातल्या गंधकाचा वास घरभर होतो आणि बऱ्याच जणांना कोबी आवडत नाही तो त्या वासामुळेच. पानं पारदर्शक होऊन दांड्यात सुरी जाईल इतपतच. त्या खारट, चरबीच्या पाण्यात शिजलेला कोबी गोड लागतो, मला तर तो मांसापेक्षाही आवडतो.

कापणं सासऱ्यांचं काम. त्या दिवशी मला करावं लागलं. मांसाचे धागे कुठल्या दिशेला जातात ते नीट पाहायचं आणि त्यांना आडवं कापायचं. धाग्यांच्या दिशेने कापलं तर तेच मऊ मांस दातांत अडकतं. ब्रिस्केटच्या दोन भागांत धाग्यांची दिशा वेगवेगळी असते, त्यामुळे मध्ये तुकडा फिरवावा लागतो. सुरी धरून मी वाकून बघत होते तेव्हा लक्षात आलं, सासरे दर वर्षी कापायच्या आधी असेच वाकून बघतात. मला वाटायचं त्यांना दिसत नाही.

दोन डबे भरले. एकात मांस, एकात भाज्या, छोट्या बाटलीत हॉर्सरॅडिशचा सॉस. व्हिनेगर त्यांच्याकडे असतंच. सासरे कोबीवर पांढरं व्हिनेगर शिंपडून खातात. नवऱ्याने डबे त्यांच्या ओसरीवर ठेवले, बेल वाजवली आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मी गाडीतच होते. सासूबाईंनी दार उघडलं. ओसरीवरच्या खुर्चीत त्यांनी आमच्यासाठी फडक्यात गुंडाळून सोडा ब्रेड ठेवला होता. मैदा, सोडा, मीठ, ताक, एवढ्याचाच, वर सुरीने ओढलेला क्रूस. पीठ दुकानात नव्हतं, त्यांनी घरात उरलेलं सगळं त्यातच घातलं होतं, हे नंतर कळलं. सासरे मागे खिडकीत उभे होते. त्यांनी हात वर केला.

आम्ही घरी येऊन तिघंच जेवलो. लेक चार वर्षांची, तिने कोबी मागून घेतला. मीठ बरोबर होतं. मी दर घासाला तेच तपासत होते, नवऱ्याने सांगितलं तेव्हा कुठे थांबले.

साडेसातला फोन वाजला. सासरे. ते स्वतःहून फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरूनच उचलला.

"करडं होतं," ते म्हणाले.

"हो डॅड."

"चपट्या बाजूचे काप जास्त घातलेस."

"तुम्हाला आवडतात म्हणून."

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, "पाणी ओतून तर दिलं नाहीस ना? उकडलेलं?"

पातेलं ओट्यावरच होतं, वर चरबीची पिवळी साय धरायला लागली होती. ओतून देणारच होते. त्यांच्या आजीच्या घरी दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात उरलेले बटाटे आणि कोबीचे दांडे घालून सूप करायचे, हे ते मला पहिल्यांदाच सांगत होते. मी गाळणी घेतली, ते पाणी दोन मोठ्या बरण्यांत भरलं आणि झाकणावर तारीख लिहिली. सकाळी नवरा एक बरणी त्यांच्या ओसरीवर ठेवून आला, खुर्चीत, जिथे आदल्या दिवशी ब्रेड होता.